रविवारची पंगत : वसतिगृहातील सामूहिक स्वयंपाकाच्या प्रकल्प नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

पुण्यातील बहुतेक मेसप्रमाणे आमच्या वसतिगृहाची मेसही रविवारी दुपारच्या जेवणानंतर बंद होते आणि थेट सोमवारी सकाळी नाश्त्याला उघडते. या सुट्टीबद्दल माझी कसलीही तक्रार नाही, कारण आठवड्यातून तेरा वेळा जेवण रांधणाऱ्या मेसच्या मावशींना मोकळी मिळणारी ती एकच संध्याकाळ आहे. मात्र त्या संध्याकाळी मुले काय खातात, हे आपण कधी नीट पाहिलेले नाही, असे गेल्या आठवड्यात लक्षात आले. म्हणून आज रात्री साडेआठनंतर मी आणि माझा रूम पार्टनर वही घेऊन तिन्ही मजले फिरलो.

वसतिगृहात एकूण ६४ मुले राहतात. त्यांपैकी ५१ जण आज येथे होते. २३ जणांनी बाहेर जाऊन वडापाव किंवा गाडीवरचे चायनीज खाल्ले होते, १७ जणांनी विजेच्या किटलीत नूडल्स शिजवून घेतल्या होत्या, ६ जणांनी घरून आलेल्या चिवड्यावर आणि बिस्किटांवर भागवले होते आणि ५ जण काहीही न खाता झोपण्याच्या तयारीत होते. या पाचपैकी तिघांनी भूक नसल्याचे सांगितले, पण महिन्याची २८ तारीख होती, हे तेथे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

परतताना जिन्यातच ठरवले की महिन्यातून निदान एका रविवारी मेसच्या भटारखान्यात सर्वांनी मिळून स्वयंपाक करावा. उद्या रेक्टर सरांना भेटायचे आहे.

३० जुलै २०२४, मंगळवार

रेक्टर सरांनी परवानगी दिली, पण अटींसह. खोल्यांमध्ये शेगडी किंवा हीटर अजिबात चालणार नाही. स्वयंपाक भटारखान्यातच होईल. सिलिंडरची मुख्य कळ उघडणे आणि बंद करणे ही दोन ठराविक मुलांची जबाबदारी असेल आणि दोघांनीही वेळ लिहून सही करायची. शेगडी पेटलेली असेपर्यंत कोणीही एकटा आत राहणार नाही. या अटी मला योग्य वाटतात. सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आहेत आणि त्यांचा खर्च मेसच्या हिशेबात पडतो, म्हणून स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवून जितका गॅस वापरला असेल तितक्याचे पैसे आम्ही मेसला भरणार आहोत.

मावशींशीही बोललो. आमचा बेत ऐकल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “मग मी येते की रे रविवारी. तुम्हाला काय जमतंय?” हे त्यांनी मायेने म्हटले, पण त्यांना बोलावायचे नाही, असे आम्ही पाच जणांच्या समितीने एकमताने ठरवले. त्या आल्या तर त्यांची एकुलती एक मोकळी संध्याकाळ जाईल आणि आम्ही पुन्हा ताट पुढे करून उभे राहू. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळचे जेवण उरकल्यावर अर्धा तास त्यांनी आम्हाला शिकवावे आणि त्या अर्ध्या तासाचे मानधन वर्गणीतून द्यावे, असे ठरले. मानधनाला त्यांनी आधी नकार दिला. दुसऱ्यांदा विचारल्यावर होकार दिला.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आजची बैठक कामाच्या वाटणीवर दीड तास चालली. ज्यांना स्वयंपाक येतो त्यांनी तो करावा आणि बाकीच्यांनी वाढावे, असे बहुतेकांचे म्हणणे होते. वरवर पाहता ते सोयीचे आहे, पण मी त्याला विरोध केला आणि त्या विरोधाचे कारण येथे सविस्तर नोंदवून ठेवतो, कारण हा सगळा प्रकल्प त्यावरच उभा आहे.

गरीब विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या घरी जेवण्याची रीत पुण्याला नवी नाही. सात घरी सात वार लावून जेवणारी किंवा माधुकरी मागून शिकणारी मुले या शहराने पिढ्यानपिढ्या पाहिली. त्या व्यवस्थेने पुष्कळांचे शिक्षण पूर्ण झाले, परंतु कोणाला कोणाच्या घरी वार मिळणार हे जातीवर ठरत असे आणि जेवणारा मुलगा त्या घराचा कायम उपकृत राहत असे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रोत्साहन दिले आणि खेड्यातील मुलाला शहरात डोक्यावर छप्पर मिळाले. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात गाठली. १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही स्वतःच करीत. महात्मा गांधी १९२७ मध्ये तेथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकले, ही हकिकत आपण शाळेत ऐकतो आणि तिच्या त्यागापाशी थांबतो. त्याच वसतिगृहात मुलांच्या हातीही काम होते, ही गोष्ट मात्र मागे पडते. एका पंगतीला बसणे ही मोठी गोष्ट आहेच. पण पंगत उठल्यावर खरकटे कोण काढतो, हा प्रश्न एका पंगतीने सुटत नाही. तो पाळीने सुटतो.

अखेर चिठ्ठ्या टाकून सोळा-सोळा जणांचे चार गट केले. एक गट बाजार आणि चिरणे पाहील, दुसरा रांधील, तिसरा वाढील आणि चौथा भांडी घासून भटारखाना धुईल. दर वेळी कामे पुढच्या गटाकडे सरकतील, म्हणजे चार रविवारांत प्रत्येकाच्या हातून चारही कामे होतील. ‘मला येत नाही’ या कारणावरून कोणालाही सूट नाही. ‘मला चांगले येते’ या कारणावरूनही कोणाला एकाच कामाला जुंपायचे नाही. ही दुसरी अट मी घाईत लिहिली होती. तीच पुढे महत्त्वाची ठरेल असे वाटते.

वर्गणी माणशी ४० रुपये. ज्याला त्या महिन्यात जमणार नाही त्याने समितीतील कोणा एकाला सांगावे. त्याचे नाव वहीत येणार नाही.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पहिला स्वयंपाक. जेवणारे ५८. बेत वरण, भात आणि बटाट्याचा रस्सा. सोपा बेत म्हणून निवडला होता, भात बिघडला.

घरी एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालतात. आम्ही सहा किलो तांदळालाही तेच माप लावले, सर्व एकाच टोपात घालून मोठ्या शेगडीवर ठेवले आणि झाकण लावले. पाऊण तासाने उघडून पाहिले तर भात तळाशी लागलेला, मध्ये गिचका आणि वरच्या थरात कणी राहिलेला होता. करपल्याचा वास सगळ्या भातात उतरला होता. वरच्या थरावर गरम पाणी शिंपडून पुन्हा झाकण ठेवले आणि रात्री सव्वानऊला, ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वा तास उशिराने, पंगत बसली. वरण चांगले झाले होते. रस्सा तिखटजाळ झाला होता, कारण चार माणसांच्या रश्शाला लागणारे तिखट आम्ही सरळ साडेचौदा पटींनी वाढवले होते.

तरीही एकाही मुलाने ताट टाकले नाही. मेसमध्ये भाजीत मीठ कमी पडले की ताटे आपटणारी मुले आज लागलेला भात मुकाट्याने खात होती, आणि जो मुलगा मेसच्या तक्रारवहीत सर्वांत जास्त लिहितो तो आज रांधणाऱ्या गटात होता. त्याने जेवण झाल्यावर तक्रारवही मागवून घेतली आणि आपल्याच हाताने लिहिले : “भात लागला. कारण शोधावे.”

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

कारण मावशींनी दोन वाक्यांत सांगितले. “इतका भात पाणी मापून करतच नाहीत. आधण ठेवायचं, तांदूळ वैरायचे, पाऊण शिजला की वेळून काढायचा.”

त्यावर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या दोघांनी रात्री बसून विचार केला आणि तो मला पटला. घरच्या पातेल्यात घातलेल्या पाण्यापैकी काही पाणी तांदूळ शोषतो आणि काही वाफ होऊन जाते. वाफेने जाणारे पाणी पातेल्याच्या तोंडाच्या पसाऱ्यावर आणि वेळेवर अवलंबून असते, तांदळाच्या प्रमाणात ते वाढत नाही. टोप मोठा झाला की आतला ऐवज तोंडापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो, म्हणून दुप्पट पाणी जास्तच होते. शिवाय उष्णता फक्त तळातून येते. पाणी आटत आले की खळबळ थांबते, वरच्या थराला धग पोहोचत नाही आणि तळचा थर करपू लागतो, त्यातच वरच्या भाताचे ओझे खालच्या शितांना चिरडते. वेळण्याच्या पद्धतीत पाणी शेवटपर्यंत भरपूर असल्यामुळे सगळे दाणे उकळत्या पाण्यात फिरत राहतात आणि सारखे शिजतात. नंतर पेज काढून भात मंद आचेवर वाफवला की काम झाले. पेजही वाया जात नाही. मीठ आणि तुपाचा थेंब घालून ती पिण्यासारखे सुख पावसाळ्यात दुसरे नाही.

हिशेब : वर्गणी २,३२० रुपये. किराणा, भाजी, गॅस आणि मावशींचे मानधन मिळून खर्च १,८७० रुपये. शिल्लक ४५० रुपये.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

पिठले, भाकरी, ठेचा, कांदा. जेवणारे ६०.

भाकरीचा बेत ठरला तेव्हा समितीतील दोघांनी धोक्याची सूचना दिली होती. माणशी दोन म्हणजे १२० भाकऱ्या. चार तवे धरले आणि एका भाकरीला तीन मिनिटे लागतात असे मानले तरी दीड तास सतत थापावे लागणार. रांधणाऱ्या सोळा जणांपैकी तेरा जणांनी आयुष्यात कधी पिठात हात घातला नव्हता. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळत्या पाण्याने पीठ भिजवून त्यातील पिष्ट मऊ करावे लागते आणि पीठ जुने होऊन त्याची विरी गेली असेल तर भाकरी थापतानाच फाटते. आम्ही दहा किलो ज्वारी शनिवारीच गिरणीतून दळून आणली होती.

पहिल्या अर्ध्या तासात सात भाकऱ्या झाल्या आणि त्यांतील चार तव्यावर टाकताना तुटल्या. तेव्हा भांडी घासण्याच्या गटातील बीड जिल्ह्यातील एक मुलगा आत आला. त्याचे आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. फडावर आई पहाटे कोयता घेऊन निघाली की मागे धाकट्या भावंडांच्या भाकऱ्या करायचे काम वयाच्या दहाव्या वर्षापासून त्याच्याकडे होते. ही गोष्ट तीन वर्षे शेजारच्या खोलीत राहूनही मला ठाऊक नव्हती. त्याने परात पुढे ओढली, पीठ तळहाताने रगडले, गोळा फिरवत फिरवत थापला, पाणी लावलेली बाजू वर ठेवून भाकरी तव्यावर टाकली, उलटली आणि जाळावर धरली. भाकरी टम्म फुगली आणि भटारखान्यात टाळ्या झाल्या.

लगेच मागणी झाली की आता भाकरीचे काम कायमचे याच्याकडे द्यावे. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “मी शिकवतो. पण सगळ्यांच्या भाकरी मी थापणार नाही. घरी मी तेच केलंय.”

कोणीच काही बोलले नाही. नंतर त्याने प्रत्येक तव्यामागे चार-चार मुले उभी केली, स्वतः हात मागे बांधून फिरत राहिला आणि पीठ सैल झाले, जाळ मोठा झाला, कड जाड राहिली, एवढेच सांगत राहिला. ९ वाजून ४० मिनिटांनी ११२ भाकऱ्या झाल्या. एकही गोल नव्हती. पंगत संपल्यावर त्याने आपल्या गटाबरोबर पिठल्याची कढई घासली, कारण त्याची पाळी तीच होती. पिठल्याची खरवड त्याने आधी काढून चौघांत वाटली. ज्याने ती कधी खाल्ली नाही त्याला पिठले कळले असे मी मानत नाही.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

मसालेभात आणि मठ्ठा. जेवणारे ५६. या वेळी सहा किलो तांदूळ तीन टोपांत विभागून शिजवला आणि भात मोकळा झाला. फारसे लिहिण्यासारखे काही नाही.

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

कालची नोंद मी फार लवकर मिटवली. उरलेला मसालेभात एका मुलाने डब्यात भरून खोलीत नेला, रात्रभर खिडकीत ठेवला आणि सकाळी किटलीच्या वाफेवर गरम करून खाल्ला. अकराच्या सुमारास त्याला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेले, दुपारपर्यंत तो बरा झाला, पण आम्ही सर्व घाबरलो होतो आणि चूक समितीची होती. उरलेल्या अन्नाचे काय करायचे, याचा नियमच आम्ही केला नव्हता.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवून समजावून सांगितले. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूची बीजाणू असू शकतात आणि ती उकळण्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात बाहेर कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. त्यामुळे ‘चांगला गरम करून खाल्ला होता’ हे समाधान भाताच्या बाबतीत खोटे आहे. आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणी घालून खाण्याची सवय घरोघरी आहे आणि मीही त्या फोडणीच्या भातावर वाढलो आहे, पण घरी उरतो तो वाटीभर भात लवकर थंड होतो आणि टोपभर भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो.

आजपासूनचे नियम : पंगत उठल्यावर एका तासाच्या आत उरलेले अन्न पसरट ताटांत काढून मेसच्या शीतकपाटात जाईल किंवा टाकून दिले जाईल, खोलीत जाणार नाही. शालेय पोषण आहारात मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेण्याची पद्धत आहे, तशी येथेही समितीतील दोघे आधी चव घेतील. ज्याला खोकला, ताप किंवा हातावर जखम असेल तो त्या दिवशी अन्नाला हात लावणार नाही. त्याने वहीचे काम करावे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

सत्र परीक्षा आणि त्यानंतर दिवाळी असल्यामुळे या महिन्यात स्वयंपाक नाही.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

या प्रकल्पातील सर्वांत अवघड बैठक आज झाली. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांनी तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा आग्रह धरला होता. ४३ जण मटण खाणारे, २१ जण न खाणारे. न खाणाऱ्यांपैकी काहींनी वेगळी भांडी मागितली, काहींनी वेगळी वेळ आणि एकाने वेगळी खोली. वेगळ्या खोलीची मागणी ऐकल्यावर खाणाऱ्यांपैकी एक जण उठून गेला. तो दाराशी थांबून एवढेच म्हणाला की गावी त्याच्या आजोबांना वेगळे बसवत असत आणि इथे येऊन पुन्हा तेच पाहायचे नाही.

मी या बाबतीत तटस्थ नव्हतो आणि तसे सांगूनच बोललो. भांडी वेगळी असावीत, हे मान्य केले पाहिजे. ज्याने एखादी गोष्ट न खाण्याचे ठरवले आहे त्याला ती चुकूनही पानात येणार नाही, याची खात्री देणे हे रांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. पण पंगत वेगळी होणार नाही. भांडे वेगळे ठेवण्याने माझ्या पानाची काळजी घेतली जाते. पंगत वेगळी केल्याने शेजारच्या माणसाबद्दल निकाल दिला जातो. हे दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

बराच वेळ तिढा सुटला नाही. शेवटी गळ्यात तुळशीची माळ असलेला, वारकरी घरातील एक मुलगा बोलला. तो म्हणाला, “माझ्या ताटात नको. शेजारच्या ताटाचं मला काय करायचंय? वारीत आम्ही कोणाशेजारी बसलो ते विचारत नाही.” त्यानंतर वेगळ्या खोलीची मागणी मागे घेतली गेली. दाराशी थांबलेला मुलगा परत येऊन बसला.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

२० तारखेच्या विधानसभेच्या मतदानासाठी गावी गेलेली काही मुले अजून परतलेली नाहीत. जेवणारे ५५ : मटणाचे ३६, बाकीचे १९. न खाणाऱ्यांसाठी कोल्हापूरकडचाच अख्खा मसूर केला, म्हणजे त्यांना कोणी दुय्यम भाजीवर बोळवले असे होऊ नये. मटण सहा किलो आणले. ते घेणाऱ्यांनी नेहमीच्या ४० रुपयांवर ९० रुपये जादा दिले.

पांढऱ्या रश्शाचा पाया अळणी पाण्यात असतो. मटण हळद, आले-लसूण आणि बेताच्या मिठावर शिजवायचे, ते पाणी गाळून घ्यायचे आणि त्यात नारळाचे दूध, वाटलेले तीळ, खसखस व काजू घालायचे. दूध घातल्यावर उकळी जोरात आली तर रस्सा फाटतो. आमचा एक टोप फाटला, दुसरा साधला. तांबड्यासाठी कांदा-लसूण मसाला इचलकरंजीहून एका मुलाच्या आईने पाठवला होता. अख्खा मसूर आधी संपला आणि तो संपवण्यात मटण खाणारेच पुढे होते.

पंगत एकच बसली. वाढणाऱ्यांनी दोन ओगराळी दोन रंगांच्या दोऱ्यांनी बांधली होती. आज चार कामांचे एक आवर्तन पूर्ण झाले.

८ डिसेंबर २०२४, रविवार

आजची नोंद मोठी होईल, कारण आजचा पदार्थ माझ्या घरचा आहे.

काल चंपाषष्ठी झाली. चातुर्मासात वांगी न खाणाऱ्या घरांत या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगी पुन्हा सुरू होतात आणि आमच्या खानदेशात तर थंडी पडली की शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. भरिताचे वांगे वेगळे असते : मोठे, फिकट हिरवे, पांढऱ्या रेषांचे, बी कमी आणि गर लोण्यासारखा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माणशी सुमारे ३०० ग्रॅम या हिशेबाने ६२ जणांसाठी वीस किलो वांगी यावल तालुक्यातून माझ्या काकांनी एसटीने पाठवली. सोबत तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काट्यांच्या, म्हणजे काटक्यांच्या, दोन मोळ्याही पाठवल्या, कारण भरिताची चव त्या जाळाच्या धुरात असते. गॅसवर भाजलेले वांगे शिजते. काट्यांवर भाजलेले वांगे भरिताचे होते.

काट्या पेटवायला रेक्टर सरांची वेगळी परवानगी घेतली. इमारतीपासून दूर, मोकळ्या अंगणात, दोन बादल्या पाणी आणि वाळू जवळ ठेवून, रात्री आठच्या आत जाळ विझवायचा, असे ठरले. वांग्यांना टोचे मारून तेल लावले. टोचले नाही तर आत कोंडलेल्या वाफेने वांगे फुटते. साल काळी होऊन सुटू लागली की ती सोलायची, देठ ठेवायचे आणि गर लाकडी भांड्यात ठेचायचा. सुरीने चिरलेले किंवा यंत्रात फिरवलेले भरीत मी भरीत मानत नाही. मग हिरव्या मिरच्या व लसूण भाजून कुटायचे, कांद्याची पात चिरायची, तेलात शेंगदाणे परतायचे. लसूण सध्या बाजारात चारशे रुपये किलोच्या घरात गेला आहे, तरी त्यात काटकसर केली नाही. दोन किलो घेतला आणि आजची शिल्लक त्यातच गेली.

सोबत कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेल्या या पिठाला उडदामुळे चिकटपणा येतो, म्हणून ती ज्वारीपेक्षा थापायला सोपी जाते. सप्टेंबरमध्ये सात भाकऱ्यांत चार मोडणाऱ्या गटाकडे आज स्वयंपाक नव्हता, पण त्यांतील दोघे आपण होऊन परातीपाशी आले आणि नवख्यांना हात धरून शिकवू लागले. बीडचा मुलगा त्या वेळी अंगणात जाळापाशी बसून वांगी फिरवत होता. या दिवसांत त्याचे आईवडील कारखान्यावर असतात. कोणीतरी त्याला पहिली भाकरी आणून दिली. त्याने ती उजेडाकडे धरून कड पाहिली आणि “जमतेय” म्हणाला.

मुंबई, नाशिक, लातूर, सावंतवाडी अशा निरनिराळ्या ठिकाणची मुले धुराने डोळे चोळत वांगी सोलत होती. सावंतवाडीच्या मुलाने आपल्याकडे वांग्याच्या भरितात नारळाचे दूध घालतात असे सांगितले आणि त्यावर माझा त्याच्याशी दहा मिनिटे वाद झाला. पुढच्या वर्षी ते करून पाहू, असे मी त्याला लिहून दिले आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

भोगी उद्या आहे, पण रविवार आज असल्याने भोगीची भाजी आजच केली. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, तिळाचे कूट. सोबत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी आणि मुगाची खिचडी. बाजरी आज दुपारीच दळून आणली, कारण तिच्यातील तेलामुळे पीठ काही दिवसांतच कडवट होते.

आज पंगतीत पाहुणे होते. मावशी आणि त्यांच्यासोबत मेसमध्ये काम करणाऱ्या दोघी जणी, त्यांच्या घरच्या माणसांसह, अशा अकरा जणांना आम्ही बोलावले होते. बोलावण्याआधी त्यांना स्पष्ट विचारले होते, की मोकळी संध्याकाळ घरीच घालवायची असेल तर डबे घरी पोहोचवू. त्यांनी येण्याचे ठरवले. फक्त शेवटची बस गाठायची असल्याने जेवण सातला व्हावे, अशी अट घातली. पहिल्या रविवारी सव्वा तास उशीर करणाऱ्यांनी आज सहा पन्नासला पाने मांडली.

मावशी भटारखान्याच्या दारापर्यंत दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा वाढणाऱ्या गटाने त्यांना पुन्हा पाटावर आणून बसवले. जेवताना त्यांनी खिचडीत मीठ कमी असल्याचे सांगितले. तक्रारवहीत सर्वांत जास्त लिहिणारा मुलगा तेव्हा मीठ घेऊन पंगतीत फिरत होता. मेसच्या तक्रारवहीत ऑगस्टनंतर त्याची एकही नोंद नाही, हे मी मुद्दाम पाहिले.

१९ जानेवारी २०२५, रविवार

आम्हा पाच जणांचे हे शेवटचे सत्र असल्याने आज काम पुढच्या समितीकडे सोपवले. किल्ल्या, काटा, गॅसची सहीवही, परिमाणांची वही आणि १,१४० रुपये शिल्लक दिली. मावशींनी नव्या मुलांना दोनच गोष्टी सांगितल्या : सुऱ्यांना धार लावून आणा आणि भात वेळायला मोठी चाळण घ्या, फडक्याने वेळताना हात भाजतात. शिलकीतून चाळण घ्यायचे ठरले.

नव्या समितीने पहिला रविवार ९ फेब्रुवारी ठरवला आहे. बेत वरण, भात आणि बटाट्याचा रस्सा. आधण किती वाजता ठेवायचे, ते त्यांनी ११ आणि १२ ऑगस्टच्या नोंदी वाचून पहिल्याच पानावर लिहून घेतले.